खिळ्याला टांगलेली पावलं

१६/३

"सहाशे बारा," मी म्हणाले. "अख्ख्या दिवसात?"

"ते म्हनते तर तेवढीच असतीन," देवमन तायडे म्हणाले. माझ्या हातातल्या यंत्राकडे त्यांनी असं पाहिलं, जसं काही ते शेजारच्या माणसाबद्दल बोलत होतं.

काडेपेटीएवढं यंत्र होतं ते. कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं. आत एक बारीक पट्टी असायची. पाऊल पडलं की ती आदळायची आणि टिक् आवाज यायचा. एक टिक्, एक पाऊल. झोपताना आकडा पाहायचा, कागदावर लिहायचा, सकाळी बटण दाबून शून्य करायचं. आमच्या हॉस्पिटलात तेव्हा असलीच स्वस्तातली मिळायची.

"मागच्या सोमवारी सहाशे चाळीस होती," मी म्हणाले. "म्हणजे कमी झाली, काका."

चुलीजवळून त्यांच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, मान वळवली. "यंत्रच थकलं असन, बाई. मानूस काई थकला नाई."

देवमनकाकांनी बायकोकडे एक नजर टाकली. बाईंनी लगेच तोंड चुलीकडे केलं. मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी बिनसलं असेल.

भिंतीवर मी डकवलेला तक्ता होता. चौऱ्याऐंशी चौकोन. दिवसाला तीन हजार पावलं झाली की एक चौकोन हिरवा करायचा. हिरवा स्केचपेन सुतळीने बांधून दिला होता. नववा आठवडा संपत आला होता आणि एकही चौकोन हिरवा नव्हता. पेनाचं टोपण अजून पहिल्या दिवसासारखं घट्ट होतं.

"लय गरीब दिसते तो कागद," पंचफुलाबाई म्हणाल्या.

१६/६

हे आकडे पाहून बिचकू नका. छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, कडेने तारेचे खांब असतात, किलोमीटरला पंधरा-सोळा. त्यांच्यावर असं रंगवलेलं असतं: सोळावा किलोमीटर, सहावा खांब. ही गोष्ट मी तीनदा सरळ लिहून पाहिली. जमली नाही. म्हणून खांबाखांबाने जाते.

मी चोवीस वर्षांची होते. फिजिओथेरपीची पदवी नवी, नोकरी पहिली. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. तिथे डॉ. निर्मला भोयर वर्षाला वीस गुडघे बदलायच्या. फुकट. पैसे ट्रस्टचे, हात त्यांचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"अनघा, गुडघा बदलणं दीड तासाचं काम आहे. पुढे तो माणूस खाटेवरून उठतो का, हे कोणी पाहत नाही. दुखणं गेलं म्हणतो, हात जोडतो, आणि आधीसारखाच बसून राहतो. मग आपण बदललं काय?"

"लोखंड घातलं," मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

"म्हणून तू. बारा आठवडे, दर सोमवारी घरी जायचं. बोलायचं, उठवायचं, चालवायचं, पावलं मोजायची. निम्म्या पेशंटकडे तू जाशील. निम्म्यांना नुसता सूचनांचा छापील कागद. वर्षाच्या शेवटी मला ट्रस्टींना दाखवायचं आहे, की तुझ्या पगारातून आणि बसभाड्यातून पावलं निघाली का."

"आणि नाही निघाली तर?"

"तर तुझ्या पगारात दोन गुडघे जास्तीचे होतात."

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. भाजीवाल्याने भाव सांगावा तसं म्हटलं होतं.

दुसरा नियम त्यांनी उठता उठता सांगितला. ज्याचे दोन्ही गुडघे गेलेत, त्याचा आधी एकच करायचा. त्या एकावर तो चालला, तर दुसरा. "गुडघे वीस आहेत आणि दारात दीडशे माणसं. जो गुडघा खाटेवरच बसणार, तो दुसऱ्या कुणाच्या पायात गेलेला बरा."

देवमन तायडे, वय सदुसष्ट, रुग्ण क्रमांक चौदा. डावा झाला होता. उजवा धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. घरी सोडताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

"उजवा कवा?"

१६/९

दहाव्या सोमवारी मी टेप काढली. गुडघ्याच्या वर चार बोटं अंतर सोडून मांडी मोजली. दोनदा मोजली.

मांडी साडेतीन सेंटिमीटरने भरली होती. गुडघा एकशे पंधरा अंशांत वाकत होता. टाच दगडासारखी टणक. खाटेवर बसलेल्या माणसाची मांडी सुकते. ती भरत नाही.

मग माझं लक्ष दाराकडे गेलं. हॉस्पिटलने दिलेले कॅनव्हासचे बूट पालथे पडले होते. डाव्या बुटाचा तळ पुढून पार गुळगुळीत झाला होता.

"हे कशाने झिजले?"

"जुनेच होते."

"मी दिलेत, दहा आठवड्यांपूर्वी. डब्यातून काढून."

"मंग माल खराब असन."

"काका, सकाळी फिरायला जाता का?"

"नाई."

"खरं सांगा."

"खरंच सांगून रायलो. फिरत नाई मी. जनमात नाई फिरलो. बगिच्यात हात हालवत जानं, ते पगारवाल्याईचं काम."

मी टेप गुंडाळली. चीड आली होती मला, आणि चिडलेली मी छान बोलायची नाही. "दोन आठवडे राहिलेत. तीन हजार झाली नाहीत तर उजवा गुडघा होणार नाही. मी काही करू शकणार नाही. मॅडम सहाशे बारा वाचतील आणि तुमचं नाव खोडतील."

त्यांनी आपल्या उजव्या पायावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "उजव्याबिगर पूल नाई ओलांडता येत."

"कोणता पूल?"

"च्या घ्या, बाई," पंचफुलाबाई मध्येच म्हणाल्या आणि कप इतका पुढे केला की माझ्या बोटांवर चहा सांडला.

१६/११

(हा खांब चोरीला गेला आहे.)

१६/१२

त्याच आठवड्यात गुरुवारी शेजारच्या गावातला माझा पेशंट लग्नाला निघून गेला होता आणि परतीची बस दोन तासांनी होती. मी तायड्यांच्या घराकडे वळले.

घर म्हणजे जुन्या रेल्वे फाटकाजवळच्या दोन खोल्या. दारात पंचफुलाबाई सुपात तूर पाखडत होत्या. दाराच्या चौकटीला एक खिळा होता. त्या खिळ्याला माझं यंत्र टांगलेलं होतं. आकडा: दोनशे चार.

"काका कुठे आहेत?"

"वावरात."

"तुम्हाला वावर नाही, काकू. फॉर्ममध्ये मीच लिहिलंय."

सूप थांबलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं. "मंग तुमीच शोधा. मी सांगतलं नाई, असं होईन."

सूप पुन्हा हलायला लागलं, थांबलं. आणि त्या थांबण्यात मला आवाज आला. लांबून. लोखंडावर लोखंड.

ठण्.

मग बऱ्याच वेळाने, ठण्.

कोणत्या बाजूने ते कळेना. मी आधी उलट्या दिशेला गेले. छोटी लाइन तिथूनच जात होती. गाडी बंद होऊन सात वर्षं झाली होती. बाभळी रुळांच्या मधून वर आल्या होत्या. गवत कमरेएवढं. काही ठिकाणी रूळच नव्हता, कुणीतरी कापून नेला होता. रुळांखालचे आडवे स्लीपर उचलून कुणी गोठ्याला पायऱ्या केल्या होत्या. काट्यांनी ओढणी फाटली. आवाज मागे राहत होता, म्हणून मी परत फिरले. घर ओलांडलं, फाटक ओलांडलं.

१७/०

चुन्याने रंगवलेला एक दगड होता. त्याच्यावर काळ्या रंगात १७.

दगडाच्या अलीकडे रान होतं. दगडाच्या पलीकडे रान नव्हतं.

हे मी कसं सांगू. तुम्ही पसारा पडलेल्या घरातून चालत येता आणि एकदम एका उंबऱ्यापाशी सगळं सारवलेलं दिसतं. गवताची काडी नाही. खडी दोन्ही बाजूंना सारख्या उताराने रचलेली. स्लीपर एकामागे एक, उघडे, झाडलेले. रूळ गंजलेले होते, गाडी नसली की ते गंजणारच. पण दोन रूळ जिथे जोडतात तिथल्या पट्ट्या आणि बोल्ट तेलाने काळे चमकत होते. लाइन तशीच्या तशी पुढे गेली होती, वळणापर्यंत, आणि वळणावरसुद्धा तशीच.

मी चपला काढल्या. का काढल्या, माहीत नाही. खडी टोचल्यावर परत घातल्या.

देवमनकाका वळणाच्या अलीकडे उभे होते. हातात लांब दांड्याचा हातोडा. ते एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकत, थांबत, मान तिरकी करत. हातोडा खाली झोका घेऊन यायचा. ठण्. एक पाऊल. ठण्.

मला पाहून त्यांनी सगळ्यात आधी हातोडा पाठीमागे लपवला. दांडा खांद्याच्या वर दिसत होता.

"बाई, उकिडवं बसत नाई मी. तुमी नको म्हनलं तवापासून एकदाबी बसलो नाई. म्हनून दांडा वाढवून घेतला."

"हे काय आहे, काका?"

"चाव्या."

त्यांनी हातोड्याने दाखवलं. स्लीपरवर रूळ पक्का धरून ठेवायला लोखंडाची एक पाचर ठोकलेली असते. तिला चावी म्हणतात. गाडी गेली, ऊन तापलं, थंडी पडली की ती सैल होते. चाबीवाल्याने रोज आपल्या हद्दीतून जायचं आणि सैल चावी ठोकायची. जाताना एक रूळ, येताना दुसरा. काकांची हद्द सतरा ते एकवीस. लाइन एका कंपनीची होती. तीस वर्षं त्यांनी हे काम केलं, आणि कागदावर ते एक दिवसही कायम झाले नव्हते.

"रोज येता?"

"दोन वर्स नाई आलो. गुडगे गेले तवा. मंग रानानं खाल्ली सारी. डावा नवा बसवला तवा पयल्या आठवड्यात दहा स्लीपर केले. मंग वीस. आता पुलापरेंत साफ आहे, अठरा-नऊ."

मी मनात हिशेब केला. पुलापर्यंत दीड किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन सव्वातीन.

"पाच हजार पावलं," मी म्हणाले. "रोजची पाच हजार! आणि यंत्र खिळ्याला का टांगलंत?"

त्यांना माझा प्रश्न खरंच विचित्र वाटला. "टिकटिक करते नं ते."

"मग?"

"चावी कानानं पायतात, बाई. घट्ट असन तर ठण्. सैल असन तर भद्द. मधात तुमचं टिक् आलं का समजत नाई. डूटीवर मी खिशात चिल्लर नाई ठेवली कदी."

"मला सांगायचं तरी."

"सांगतलं असतं तर हातोडा बंद केला असता तुमी. जड उचलू नका म्हनून कागदावर लिवलं आहे. पंचफुलानं वाचून दाखवलं."

ते खरं होतं. तो कागद मीच लिहिला होता.

फाटकाजवळच्या पडक्या स्टेशनावर एक पत्रा अजून लटकत होता: पुढील सूचना मिळेपर्यंत गाडी बंद. मी तिकडे बोट दाखवलं. "काका, सात वर्षं झाली. गाडी आता येणार नाही."

"नाई येत," ते म्हणाले. "मले का समजत नाई?"

"मग?"

त्यांनी पुढच्या चावीवर हातोडा टाकला. भद्द. पुन्हा टाकला, तिरका. ठण्. चेहऱ्यावर काहीतरी सैलावलं.

"सैल चावी दिसली का पुडं पाय नाई उचलत माह्या," ते म्हणाले. "गाडीचं गाडी पाहून घेईन."

१७/८

"आकडा आण," डॉ. भोयर म्हणाल्या.

"मॅडम, यंत्र लावलंच नव्हतं."

"मग माझ्याकडे सहाशे बारा आहे."

"तुम्ही येऊन बघा."

"प्रत्येकाच्या घरी जाऊन बघायला लागले तर ऑपरेशन कधी करू?"

"एकच पेशंट, मॅडम."

"पंधरा नंबरची बाई एका पायावर घरातल्या घरात तीन हजार चालते. ओट्याभोवती. रोज हिरवा चौकोन. तिला काय सांगू? की दुसऱ्याचं लोखंड जास्त छान वाजतं?"

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी फाइल मिटली. मग उघडली. फॉर्म असा होता:

रुग्ण क्र.: १४
मांडीचा घेर: वाढ ३.५ सें.मी.
गुडघ्याचा वाक: ११५ अंश
रोजची पावले: ६१२
दुसऱ्या गुडघ्यासाठी पात्र: ______

त्यांनी मांडीच्या आकड्यावर पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"रविवारी," त्या म्हणाल्या. "यंत्र त्याच्या कमरेला असेल. मी स्वतः लावीन. जे येईल ते येईल."

१८/१

रविवारी सकाळी आम्ही चौघं त्या पांढऱ्या दगडापाशी उभे होतो. पंचफुलाबाईंनी स्टीलच्या किटलीत चहा आणला होता.

"तुमाले सांगते डाक्टरीनबाई," त्या म्हणाल्या, "या मानसाचं लगन लोखंडासंगच लावाले पायजे होतं. माह्या बापानं फुकट खर्च केला."

डॉ. भोयर खाली वाकल्या आणि काकांच्या पट्ट्याला यंत्र अडकवलं. शून्य केलं. "चला, तायडे. नेहमी जाता तसं जा. परत या. तीन हजारांच्या वर आलं तर पुढच्या महिन्यात उजवा. समजलं?"

"समजलं."

ते निघाले. टिक्. टिक्. पहिली चावी. ठण्. टिक्. दुसरी. ठण्. तिसऱ्या चावीवर हातोडा पडला आणि ते थांबले. मान तिरकी केली. पुन्हा मारला. पाय उचलला, टिक्, मागे आले, टिक्, तीच चावी पुन्हा. पुन्हा.

मला कळत होतं, आणि मी मनातल्या मनात त्यांना ओरडून सांगत होते की जा पुढे. एका दिवसाचा प्रश्न आहे. तीन हजार टिक्. जा.

देवमन तायड्यांनी हातोडा रुळाला टेकवून ठेवला. कमरेचं यंत्र काढलं. आपला वाकडा उजवा पाय ओढत चार स्लीपर मागे आले आणि ते डॉ. भोयरांच्या हातात दिलं.

"हे तुमीच ठेवा. मले आयकू येत नाई."

"तायडे, मग उजवा होणार नाही."

"नाई तर नाई," ते म्हणाले, रागाने नाही, अगदी भाजीचा भाव सांगितल्यासारखं. आणि वळले.

ठण्. एक पाऊल. ठण्.

डॉ. भोयर हातातल्या यंत्राकडे बघत राहिल्या. सतरा. त्यात सतरा पावलं होती. काका वळणावर लहान झाले, बाभळीच्या मागे गेले. आवाज थोडा वेळ आला, मग वाऱ्यात मिसळला, मग नाही.

"चला," डॉ. भोयर म्हणाल्या. "बघितलं मी."

"च्या तं घ्या," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आत्ताशीक सतरा-नऊले पोचले असतीन."

"तुम्हाला कसं कळलं?"

"रोज कळते. भाकर कवा टाकाची ते पाहा लागते नं." आणि त्या खाली बसल्या, पदर सारखा केला आणि अगदी सहज, चुलीत फुंकर घालायला वाकतात तसं वाकून, रुळाला कान लावला. "हं. सतरा-दहा."

मी वाकले. थंड लोखंड कानाला लागलं. आधी काहीच नाही. मग रुळाच्या आतून, खूप लांबून आणि तरी अगदी कानात, आवाज आला.

ठण्.

मी दचकून मान वर केली. बाहेर फक्त वारा होता आणि एक टिटवी. पुन्हा कान लावला. ठण्. मध्ये एका पावलाएवढी शांतता. ठण्.

"मॅडम," मी म्हणाले. आणि रुळाकडे बोट दाखवलं.

डॉ. भोयर पन्नाशीच्या पुढच्या, वजनाने बऱ्यापैकी. त्या खडीवर गुडघे टेकून बसल्या, मग आडव्या झाल्या, आणि स्टार्च केलेल्या साडीसकट रुळाला कान लावून पडून राहिल्या. हाताला घड्याळ होतं, सुरुवातीला त्या मोजत होत्या, ओठ हलताना मला दिसत होते. नंतर ओठ थांबले. डोळे मिटले.

"इतक्या लांबून," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"जोड घट्ट आहेत म्हनून येते," पंचफुलाबाईंनी सांगितलं. "एकबी जोड सैल असता तर मधातच मेला असता आवाज. दोन वर्स काई आयकू नाई आलं मले. कान लावत जाये, काई नाई. आता हळूहळू लांबून येऊन रायलं. एक-एक खांबानं." त्यांनी चहा कपात ओतला. "दगडाच्या तिकडे जाऊन कान लावा. मेलेलं आहे सारं."

मी दगडाच्या पलीकडे गेले. सोळाव्या किलोमीटरच्या गंजलेल्या रुळाला, गवत बाजूला सारून, कान लावला. काही नव्हतं. मातीसारखं मुकं. परत सतराव्यात आले. ठण्.

खूप वेळ आम्ही तशा पडून होतो, दोन शिकलेल्या बायका, रुळाला कान लावून. चहा गार झाला. मग रूळ गप्प झाला.

डॉ. भोयरांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"पूल आला. पूल नाई ओलांडता येत. तिथे स्लीपरच्या मधात खाली उघडं आहे, नाला दिसते. दोन्ही पाय पक्के पायजेत." पंचफुलाबाई उठल्या आणि दुसऱ्या रुळापाशी जाऊन बसल्या. "आता इकडं या. वापसीत या रुळानं येतात."

१८/९

डॉ. भोयर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळीवर गंजाचा तांबूस डाग होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तो तसाच होता. मी सांगितलं नाही.

फॉर्ममध्ये रोजच्या पावलांच्या पुढे त्यांनी सहाशे बारा खोडलं आणि लिहिलं: नोंद उपलब्ध नाही. खालच्या रिकाम्या जागेत लिहिलं: हो.

त्या वर्षी वीसऐवजी एकवीस गुडघे झाले. पंधरा नंबरच्या बाईचाही झाला. एकविसावा कुणाच्या पैशाने, ते विचारायचं नाही, असं मला सांगण्यात आलं.

वर्षअखेरीचा अहवाल मीच टाइप केला. ज्यांच्याकडे मी गेले त्यांची पावलं, आणि ज्यांना फक्त कागद मिळाला त्यांची पावलं. फरक होता, पण थोडा. माझा खर्च त्यातून जेमतेम निघत होता. मी म्हणाले, "मॅडम, चौदा नंबरची खरी पावलं धरली तर सरासरी बरीच वर जाते. माझी नोकरी वाचेल."

त्यांनी अहवाल माझ्याकडे परत सरकवला.

"ती पावलं आपल्यामुळे नव्हती, अनघा," त्या म्हणाल्या.

मी तो रकाना रिकामा ठेवला.

२१/०

उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी देवमनकाकांनी पुन्हा एकच प्रश्न विचारला. "सहा आठवडे लाइन कोन पाहीन?"

पंचफुलाबाई म्हणाल्या, "मी एक रूळ पाहीन. दोन नाई जमत मले."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणूनच रविवारचे दोन्ही मी घेतले.

माझ्याही कमरेला तसलंच यंत्र असायचं, पेशंटना दाखवायला. पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा मी ते काढलं आणि चौकटीच्या खिळ्याला टांगलं, त्यांच्या यंत्राशेजारी. हातोडा उचलला. वाटला होता त्यापेक्षा जड होता.

काका सतराच्या दगडापाशी खुर्चीवर बसले होते. पट्ट्या बांधलेला पाय स्टुलावर. त्यांनी काठीचं एक टोक रुळावर टेकवलं होतं आणि दुसरं कानाशी धरलं होतं. जा, अशी मान हलवली.

पुलापर्यंत जायला मला दीड तास लागला. तळहाताला फोड आले. वर बघायचं विसरायला झालं. पुलापाशी थांबले तेव्हा पायाखाली नाला होता आणि पलीकडे, एकविसाव्या किलोमीटरपर्यंत, त्यांचंच पण अजून न सोडवलेलं रान होतं. दुसऱ्या रुळाने परत आले. चाव्या मोजत नव्हते. फक्त ऐकत होते.

दगडापाशी आले तेव्हा घामाने डोळे चुरचुरत होते. मला वाटलं, शाबासकी मिळेल. आजवर दुसऱ्यांना मीच देत आले होते.

काकांनी काठी कानापासून खाली घेतली.

"जाताना सतरा-सहाच्या पुडची तिसरी चावी हुकवली तुमी," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. सतरा-सहा तिथून जवळजवळ अर्धा किलोमीटरवर होतं.

मी परत गेले.